लेखांच्या एचटीएमएलमध्ये आपण न लिहिलेला कोड: साइट हॅक झाली, की कुणाच्या ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनचं काम?

कळफलक विचारतात:

वर्डप्रेसवर मराठी लेख-बातम्यांची साइट आहे. क्लासिक एडिटर, एकच साइट (मल्टिसाइट नाही), सगळी पानं एचटीटीपीएसवर. तीन गोष्टी एकाच वेळी दिसताहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, ते ठरत नाहीये.

पहिली, डेटाबेसमध्येच साठलेला कचरा. काही लेख एडिटरच्या ‘टेक्स्ट’ टॅबमध्ये उघडले की असं दिसतं:

<फॉन्ट स्टाइल="व्हर्टिकल-अलाइन: इन्हेरिट;"><फॉन्ट स्टाइल="व्हर्टिकल-अलाइन: इन्हेरिट;">धरणातून विसर्ग वाढवला</फॉन्ट></फॉन्ट>

काही जुन्या लेखांत <डिव्ह बिस_स्किन_चेक्ड="१"> असंही आहे. (कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शोधताना मूळ रोमन स्पेलिंग घ्यावं.)

दुसरी, वाचकांच्या तक्रारी. लेखातले ‘कर्ज’, ‘विमा’, ‘मोबाइल’ असे शब्द आपोआप दुहेरी अधोरेखित लिंक होतात आणि उजव्या कोपऱ्यात कूपनची चौकट येते. स्क्रीनशॉट आहेत, पण आमच्या एकाही संगणकावर हे दिसत नाही.

तिसरी, सीएसपी (कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानात कुठून आलेली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ब्राउझरला सांगणारा नियम) फक्त ‘रिपोर्ट-ओन्ली’ अवस्थेत लावली आहे, म्हणजे ती अडवत नाही, नुसतं कळवते. तिच्या अहवालांत आम्ही कधी न वापरलेली डोमेन्स येतात आणि काही ठिकाणी स्रोत म्हणून ‘क्रोम-एक्स्टेन्शन’ एवढंच.

‘डब्ल्यूपी कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ आणि ‘डब्ल्यूपी प्लगिन व्हेरिफाय-चेकसम्स --ऑल’ चालवून झालं (फाइली मूळ प्रतीशी जुळतात का ते पाहणाऱ्या आज्ञा), फरक नाही. आता विचारायचं ते असं: साइट हॅक झालेली नाही हे खात्रीने कसं ठरवायचं? साठलेला कचरा मराठी मजकुराला धक्का न लावता कसा काढायचा? आणि वाचकाच्या ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन आपल्या बाजूने अडवता येतं का?

---

दोरखंड यांचं उत्तर:

चेकसम जुळले ही चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ती आज्ञा कोअरच्या फाइली आणि वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातली प्लगिनं तपासते. विकत घेतलेली प्लगिनं, थीम, अपलोड्स फोल्डरमध्ये घुसवलेली पीएचपी फाइल आणि मुख्य म्हणजे डेटाबेस, यांतलं काहीच ती पाहत नाही.

आधी दुसरी गोष्ट घ्या, कारण ‘हॅक की नाही’ हे तिच्यावरून ठरतं. पान वाचकापर्यंत येताना चार टप्प्यांवर त्यात भर पडू शकते: तुमचा सर्व्हर, तुम्हीच लावलेली बाहेरची स्क्रिप्ट, मधलं नेटवर्क आणि वाचकाचा ब्राउझर. प्रत्येक टप्पा वेगळा तपासावा लागतो.

सर्व्हरसाठी ‘कर्ल’ने (ब्राउझरशिवाय पान उतरवणारी आज्ञा) पान उतरवा, पण साध्या कर्लवर थांबू नका. वर्डप्रेसमध्ये घुसलेला दुष्ट कोड बहुतेक वेळा माणूस पाहून वागतो: लॉग-इन असलेल्याला स्वच्छ पान, गूगलवरून मोबाइलवर आलेल्याला जाहिरातीचं पान. तुमच्या संपादकांना काहीच दिसत नाही, याचं हेही एक कारण असू शकतं. म्हणून तेच पान चार तऱ्हांनी उतरवा: साधं, अँड्रॉइड क्रोमचा यूजर-एजंट (ब्राउझरची ओळख) देऊन, गूगलचा रेफरर (कुठून आलो तो पत्ता) देऊन, आणि दोन्ही एकत्र. कुकी एकदाही पाठवू नका. चारही फाइलींची ‘डिफ’ने तुलना करा. नॉन्स (विनंती खरी आहे हे ओळखायला वर्डप्रेस पानात घालतं ती तात्पुरती खूण) आणि वेळेचे आकडे बदलतील, ते सोडा. नवा स्क्रिप्ट टॅग, बेस-६४ ची लांब ओळ किंवा अनोळखी डोमेन कुठल्याही एका फाइलीत दिसलं, तर ते सर्व्हरवरून येतंय. सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) किंवा कॅशे प्लगिन असेल तर ही तुलना कॅशेला वळसा घालून एकदा आणि कॅशेसकट एकदा, अशी दोनदा करा. कॅशेत जुनं बिघडलेलं पान अडकून राहिलं तर मूळ सर्व्हर स्वच्छ करूनही वाचकाला तेच मिळत राहतं.

बाहेरच्या स्क्रिप्टसाठी जाहिरात, अॅनालिटिक्स, फॉन्ट, शेअर बटणं अशी सगळी डोमेन्स लिहून काढा आणि प्रत्येकाची आज गरज आहे का ते विचारा. बाहेरची स्क्रिप्ट कशी उलटते, ते २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओ या स्क्रिप्ट पुरवणाऱ्या सेवेच्या बाबतीत उघड झालं. डोमेनची मालकी आधीच बदलली होती आणि लाखाहून अधिक साइट्सवर वर्षानुवर्षं असलेला तोच स्क्रिप्ट टॅग वाचकांना भलतीकडे पाठवायला लागला. साइटवाल्यांनी एक ओळही बदललेली नव्हती. तोही निवडक मोबाइल वाचकांनाच त्रास देत असे, त्यामुळे तक्रारी अगदी तुमच्यासारख्या येत.

नेटवर्कचा टप्पा तुमच्याकडे जवळपास बाद होतो. २०१५ मध्ये भारतातल्या एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर पानांत परस्पर स्क्रिप्ट घातली जात असल्याचं उघड झालं होतं, पण ते साध्या एचटीटीपीवर शक्य होतं. एचटीटीपीएसमध्ये ते करायला वाचकाच्या यंत्रावर खोटं मूळ प्रमाणपत्र बसवावं लागतं. काही अँटिव्हायरस आणि ऑफिसची प्रॉक्सी तसं करतात. शंका आली तर वाचकाला पत्त्याच्या पट्टीतल्या साइट-माहितीच्या चिन्हावरून प्रमाणपत्र कुणी दिलंय ते पाहायला सांगा आणि तुमच्या खऱ्या प्रमाणपत्राशी ताडा.

उरला वाचकाचा ब्राउझर. यासाठी तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारा: हे फोनवर दिसलं की संगणकावर, आणि कुठल्या ब्राउझरमध्ये? फोनवरच्या अँड्रॉइड क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. तिथे अधोरेखित लिंक दिसत असतील तर संशय परत सर्व्हरवर किंवा बाहेरच्या स्क्रिप्टवर आणा. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत एक्स्टेन्शन चालतात, आयफोनच्या सफारीतही आयओएस १५ पासून चालतात. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या अॅपमध्येच उघडणारा ब्राउझर वेगळा मोजा. तो पानात स्वतःची जावास्क्रिप्ट घालतो, हे २०२२ च्या ऑगस्टमध्ये दाखवलं गेलं आहे. ती जाहिराती दाखवत नाही, पण तुमच्या सीएसपी अहवालांत आणि त्रुटींच्या नोंदींत तिच्या खुणा सापडू शकतात.

सगळ्या तक्रारी डेस्कटॉपच्या आणि चारही कर्ल स्वच्छ, असं निघालं तर दुसऱ्या गोष्टीला एक्स्टेन्शनच म्हणा.

---

तारायंत्र यांचं उत्तर:

वाचकाकडून नेमकं एक्स्टेन्शन शोधून घ्यायचं असेल (किंवा संपादकांपैकी कुणाच्या संगणकावर ते असेल) तर त्याची रीत अशी.

पानावर कंट्रोल-यू दाबलं की सर्व्हरने पाठवलेला मूळ मजकूर दिसतो. डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधली डेव्हलपरांसाठीची तपासणीची साधनं) एलिमेंट्समध्ये आत्ता ब्राउझरच्या हातात असलेलं पान दिसतं. पहिल्यात नाही आणि दुसऱ्यात आहे, म्हणजे नंतर कुणीतरी घातलं. हे ‘कुणीतरी’ तुमची स्वतःची जावास्क्रिप्टही असू शकते, म्हणून तेच पान इनकॉग्निटोमध्ये उघडून पाहा. चौकट गायब झाली तर एक्स्टेन्शन.

मग शोध. सोर्सेस पॅनेलमध्ये डावीकडे ‘पेज’च्या शेजारी दोन बाण असतात, त्यात ‘कंटेंट स्क्रिप्ट्स’ नावाचा टॅब आहे. या पानात कोणत्या एक्स्टेन्शनने कोणती फाइल चालवली, ते तिथे नावासकट दिसतं. पण तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही, कारण पासवर्ड मॅनेजर, डार्क मोड, शब्दकोश असे पाच-सहा जण तिथे रास्त कारणाने असतात. म्हणून एलिमेंट्समध्ये जिथे नको ती चौकट येते त्याच्या बाहेरच्या घटकावर, बहुतेक वेळा ‘बॉडी’वर, राइट क्लिक करून ‘ब्रेक ऑन’ मधलं ‘सबट्री मॉडिफिकेशन्स’ निवडा आणि पान रीलोड करा. चौकट घातली जाते त्या क्षणी अंमलबजावणी थांबते आणि कॉल स्टॅकमध्ये फाइलीचा पत्ता दिसतो. क्रोममध्ये तो ‘क्रोम-एक्स्टेन्शन’ने सुरू होतो आणि पुढे ३२ अक्षरी ओळख असते. रोमनमधल्या ‘ए’ ते ‘पी’ एवढ्याच अक्षरांची. हीच ओळख एक्स्टेन्शनच्या यादीत ‘डिटेल्स’ उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत दिसते.

इथे एक हमखास अडचण येते. ब्रेकपॉइंट लावूनही काहीच थांबत नाही. डेव्हटूल्सच्या सेटिंग्जमध्ये ‘इग्नोर लिस्ट’ आहे, तिथे ‘एक्स्टेन्शनने घातलेल्या कंटेंट स्क्रिप्ट’ दुर्लक्षित करण्याची खूण असते. ती काढा. तरीही थांबलं नाही तर सोर्सेसमधल्या ‘इव्हेंट लिसनर ब्रेकपॉइंट्स’खाली ‘स्क्रिप्ट फर्स्ट स्टेटमेंट’ चालू करा आणि एकेक स्क्रिप्ट पुढे ढकलत जा. वेळखाऊ आहे, पण चुकत नाही.

डेव्हटूल्सची सवय नसलेल्या वाचकाला निम्मी-निम्मी एक्स्टेन्शनं बंद करायला सांगा. बारा असतील तर फार तर चार फेऱ्यांत एक उरतं. प्रत्येक फेरीत पान रीलोड करायलाच हवं. एक्स्टेन्शन बंद केलं तरी आधीच पानात शिरलेली स्क्रिप्ट ते पान बंद किंवा रीलोड होईपर्यंत तिथेच राहते, आणि ‘बंद केलं तरी दिसतंय, म्हणजे हे नव्हे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सापडल्यावर त्याची मॅनिफेस्ट फाइल (एक्स्टेन्शन कुठे, काय चालवणार ते लिहिलेली) वाचा. क्रोम://व्हर्जन या पानावर ‘प्रोफाइल पाथ’ दिलेला असतो. त्या फोल्डरात ‘एक्स्टेन्शन्स’, त्यात ती ३२ अक्षरं, त्यात आवृत्तीचा आकडा आणि आत मॅनिफेस्ट. तिथे ‘कंटेंट_स्क्रिप्ट्स’खाली ‘मॅचेस’मध्ये सगळे पत्ते दिलेत का, ‘रन_अॅट’ला ‘डॉक्युमेंट_स्टार्ट’ आहे का आणि ‘वर्ल्ड’ला ‘मेन’ आहे का, हे पाहा. एरवी कंटेंट स्क्रिप्ट पानापासून अलग ठेवलेल्या जगात चालते. म्हणजे पानाचं डॉम (ब्राउझरने मांडलेली पानाची रचना) तिला दिसतं, बदलता येतं, पण पानाच्या जावास्क्रिप्टमधली चलं आणि फंक्शनं तिच्या हाती नसतात. ‘मेन’ लिहिलं की ही भिंत जाते. मग ती तुमचं ‘फेच’ फंक्शनसुद्धा बदलून टाकू शकते. क्रोममध्ये मॅनिफेस्टमधून हे १११ व्या आवृत्तीपासून करता येतं, फायरफॉक्समध्ये १२८ पासून. चलनाचा आकडा बदलून दाखवणाऱ्या किंवा शब्दार्थ सांगणाऱ्या साध्या एक्स्टेन्शनला ‘मेन’ची गरज का पडावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

वाचक म्हणतील, ‘तीन वर्षं हेच वापरतोय, कधी त्रास नाही.’ त्यांचं खरं असतं. एक्स्टेन्शन स्वतःहून अपडेट होतं आणि मालक बदलला तरी वापरणाऱ्याला कळवलं जात नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब थांबवून ठेवणारं एक्स्टेन्शन २०२० मध्ये विकलं गेलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते दुष्ट कोडमुळे काढून टाकलं. तोवर ते लाखो लोकांकडे होतं. २०२४ च्या डिसेंबरात तर विक्रीही झाली नाही. सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याला फिशिंग मेल आली, त्याने एका खोट्या अॅपला क्रोम वेब स्टोअरच्या खात्याची परवानगी दिली आणि नाताळच्या दिवसांत कंपनीच्या एक्स्टेन्शनची दुष्ट आवृत्ती अधिकृत मार्गानेच सगळ्यांकडे पोहोचली. नवी परवानगी मागितली तर क्रोम अडवून विचारतो. पण ‘सर्व साइट्सवरचा तुमचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल तर विचारण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून ‘डिटेल्स’मधलं ‘साइट अॅक्सेस’ हे ‘सर्व साइट्स’वरून ‘क्लिक केल्यावर’ असं करून घेणं, ही वाचकाने करायची सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

प्रकार किरकोळ नाही, हे संपादकांना पटवायचं असेल तर: गूगल आणि बर्कली विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात गूगलच्या साइट्सवर येणाऱ्या ५ टक्क्यांहून अधिक आयपी पत्त्यांवर जाहिराती घुसवणारं काहीतरी सापडलं होतं आणि त्यानंतर १९२ फसवी एक्स्टेन्शनं बंद केली गेली, ज्यांचे वापरकर्ते १.४ कोटी होते.

---

उंबरठा यांचं उत्तर:

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. इनकॉग्निटो पुरेसं नाही. ‘इनकॉग्निटोमध्ये परवानगी’ दिलेलं एक्स्टेन्शन तिथेही चालतं, आणि पासवर्ड मॅनेजर-कूपनवाल्यांना लोक ती परवानगी देऊन बसलेले असतात. त्याऐवजी प्रोफाइलच्या मेनूतून ‘गेस्ट’ खिडकी उघडायला सांगा. एक्स्टेन्शन काढलं तरी परत येत असेल तर दोन जागा पाहा: दुसऱ्या संगणकावरून सिंक होतंय का, आणि क्रोम://पॉलिसी या पानावर ‘एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-फोर्सलिस्ट’मध्ये काही आहे का. घरच्या संगणकावर ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ दिसलं तर बहुधा एखाद्या फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरने रजिस्ट्रीत नोंद घातलेली असते. ती काढल्याशिवाय ‘रिमूव्ह’ बटण चालत नाही.

आता तुमची पहिली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘बिस_स्किन_चेक्ड’ हा गुणधर्म आणि तो फॉन्ट टॅग या दोन्ही गोष्टी वाचकांकडून आलेल्या नाहीत. वाचकाच्या ब्राउझरमधलं काहीही तुमच्या लेखांच्या साठवलेल्या मजकुरापर्यंत पोहोचत नाही. त्या तुमच्याच माणसांच्या ब्राउझरमधून आल्या आहेत. ‘बिस_’वाला गुणधर्म लावणारं एक्स्टेन्शन दिसेल त्या डिव्हवर शिक्का मारतं, क्लासिक एडिटर आपल्या चौकटीतलं डॉम जसंच्या तसं एचटीएमएल म्हणून उचलतो आणि ‘अपडेट’ दाबलं की शिक्क्यासकट सेव्ह होतं. फॉन्टचा प्रकार एक्स्टेन्शनचाही नाही. क्रोमच्या भाषांतरात प्रत्येक मजकुराच्या तुकड्याला दोन फॉन्ट टॅगांचं वेष्टण येतं. इंग्रजी बातमी मराठीत करून वाचायची, तिथला परिच्छेद उचलायचा आणि एडिटरमध्ये चिकटवायचा, की वेष्टण बरोबर येतं. रोमन स्पेलिंगने मोजलं तर एका तुकड्यामागे ९२ अक्षरं. अशा लेखांतला मजकूर यंत्राने भाषांतरित केलेला आहे आणि दुसऱ्याच्या बातमीतून उचललेला असू शकतो, हेही त्यातून कळतं. संपादकीय दृष्टीने ते टॅगपेक्षा मोठं आहे.

हे कुणाच्या हातून झालं ते वर्डप्रेसलाच विचारता येतं. लेखाच्या पोस्टमेटामध्ये (लेखासोबत डेटाबेसमध्ये साठवलेली जादा माहिती) ‘_एडिट_लास्ट’ या नावाने शेवटच्या बदल करणाऱ्याचा क्रमांक असतो. लेखाच्या ‘रिव्हिजन्स’मध्ये मागे मागे गेलात तर शिक्का पहिल्यांदा कोणत्या तारखेला, कुणाच्या सेव्हमध्ये आला तेही दिसतं. हॅकची शंका फेडायलाही याचाच उपयोग होतो. सर्वात ताजी रिव्हिजन आणि लेखाचा सध्याचा मजकूर सारखा असायला हवा. सध्याच्या मजकुरात स्क्रिप्ट टॅग आहे आणि ताज्या रिव्हिजनमध्ये नाही, तर तो एडिटरमधून आलेला नाही, कुणीतरी (किंवा एखाद्या प्लगिनने) थेट डेटाबेसमध्ये लिहिला आहे. मग दोरखंड यांनी सांगितलेल्या वाटेने सर्व्हर उघडा करून पाहा. रिव्हिजन्स बंद ठेवलेल्या असतील तर हा ताळा मिळत नाही.

वर्डप्रेस हे सगळं सेव्ह करताना गाळत का नाही? गाळतं, पण सगळ्यांसाठी नाही. एकल साइटवर प्रशासक आणि संपादक या दोन भूमिकांना ‘अनफिल्टर्ड_एचटीएमएल’ हा अधिकार असतो, त्यांचा मजकूर गाळणीतून जात नाही. लेखक भूमिकेचा जातो. आणि गाळणीतूनही फॉन्ट टॅग सुटतो, कारण तो परवानगी असलेल्या टॅगांत आहे. वर्डप्रेस ५.० पासून ‘डेटा-’ने सुरू होणारे गुणधर्मही सुटतात. म्हणून तुमच्याकडे ‘बिस_’ शिक्के फक्त संपादक-प्रशासकांनी सेव्ह केलेल्या लेखांत आणि फॉन्ट टॅग सगळ्यांच्या लेखांत सापडायला हवेत. तसंच असेल तर निदान पक्कं.

सफाई. आधी पूर्ण बॅकअप, मग त्याच्या प्रतीवर प्रयोग. मोजताना ‘पोस्ट_टाइप’ रिव्हिजन नसलेल्या ओळीच मोजा, नाहीतर आकडा कित्येक पट फुगतो.

गुणधर्मांसाठी रेजेक्स (नमुना देऊन शोध-बदल) वापरू नका. वर्डप्रेस ६.२ पासून ‘डब्ल्यूपी_एचटीएमएल_टॅग_प्रोसेसर’ आहे. त्याने प्रत्येक टॅगवर जाऊन ‘रिमूव्ह_अॅट्रिब्यूट’ म्हणायचं. तो बाकीच्या मजकुराला हात लावत नाही, शॉर्टकोड आणि ब्लॉकच्या टिप्पण्याही शाबूत राहतात. पीएचपीचा जुना ‘डॉम-डॉक्युमेंट’ मात्र सावधपणे वापरा. ‘लोड-एचटीएमएल’ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो मजकूर आयएसओ-८८५९-१ समजतो आणि मराठीतल्या प्रत्येक अक्षराची तीन बाइट्स तीन वेगळी चिन्हं होऊन बसतात. ‘धरण’ लिहिलेलं राहत नाही, ‘à¤§’ अशी खिचडी होते आणि ती सेव्ह झाली की परतीचा खात्रीचा मार्ग बॅकअपमधूनच.

टॅग प्रोसेसर अख्खा टॅग काढू शकत नाही, तेव्हा फॉन्टसाठी वेगळी युक्ती. उघडणारी ओळ बहुतेक वेळा अक्षरशः तीच असते, म्हणून ती साध्या मजकूर-बदलाने काढा. बंद करणारे फॉन्ट टॅग सरसकट काढायचे, पण एका अटीवर: त्या लेखात दुसरा एकही उघडणारा फॉन्ट टॅग उरलेला नसावा. उरला असेल तर तो लेख बाजूला ठेवून हाताने पाहा. मराठी साइटवर ही अट मी फार कडकपणे पाळायला सांगेन. युनिकोडच्या आधीच्या जुन्या लेखांत ‘फॉन्ट फेस’मध्ये शिवाजी, कृतिदेव असली नावं असतात आणि आतली अक्षरं रोमन दिसत असली तरी ती त्या फॉन्टचं मराठी असतात. कोणता मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये साठवलाय, याची एकमेव खूण म्हणजे तो टॅग. तो गेला की तो लेख पुढे युनिकोडमध्ये आणणं फार अवघड होतं.

पुढे असं होऊ नये म्हणून तोच कोड ‘कंटेंट_सेव्ह_प्री’ या फिल्टरवर बसवा, म्हणजे सेव्ह होतानाच शिक्के गळतील. त्या फिल्टरला मजकूर अवतरणचिन्हांपुढे उलट्या तिरक्या रेघा लावलेल्या अवस्थेत मिळतो. आधी ‘डब्ल्यूपी_अनस्लॅश’ आणि शेवटी ‘डब्ल्यूपी_स्लॅश’ केलं नाही तर तुलना जुळत नाही आणि ‘फिल्टर चालतच नाही’ असं वाटत राहतं. ‘डिसअलाऊ_अनफिल्टर्ड_एचटीएमएल’ कॉन्फिगमध्ये चालू करणं हा सोपा उपाय दिसतो, पण मग संपादकांनी चिकटवलेले आयफ्रेमही उडतात. व्हिडिओ आणि नकाशे कसे टाकता, ते पाहून ठरवा.

---

कळफलक:

ताळा जुळला. ‘बिस_’ शिक्के दोनच खात्यांवरचे आहेत, दोन्ही संपादक, आणि मजकूर ताज्या रिव्हिजनशी तंतोतंत जुळतो. चारही कर्ल स्वच्छ. सीएसपीचं तेवढं राहिलं. ‘रिपोर्ट-ओन्ली’ काढून ती सक्तीने लावली तर वाचकांकडची एक्स्टेन्शनं अडतील ना?

---

दोरखंड:

नाही, आणि तसं गृहीत धरून लावू नका. सीएसपी तुमच्या पानात दुसऱ्याने स्क्रिप्ट घुसवू नये म्हणून आहे. लेखात किंवा प्रतिक्रियेत कुणी स्क्रिप्ट घातली तर ती अडते, म्हणून लावा जरूर. पण एक्स्टेन्शन वापरणाऱ्याने स्वतः बसवलेलं असतं आणि ब्राउझर त्याला पानापेक्षा वरचा अधिकार देतो. ‘मेन’ जगात नोंदवलेली स्क्रिप्ट सीएसपीला विचारत नाही. शिवाय ‘डिक्लेरेटिव्ह-नेट-रिक्वेस्ट’ची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुमचा सीएसपी हेडरच काढून टाकू शकतं. काही एक्स्टेन्शनं पानात बाहेरच्या स्क्रिप्टचा टॅग किंवा चित्र घालतात, त्यांचा तेवढा भाग अडू शकतो. तुमच्या अहवालांत दिसतात ती अनोळखी डोमेन्स बहुतेक याच प्रकारची.

अहवाल चाळताना ‘सोर्स-फाइल’ किंवा ‘ब्लॉक्ड-यूआरआय’ हे क्रोम-एक्स्टेन्शन, मॉझ-एक्स्टेन्शन किंवा सफारी-वेब-एक्स्टेन्शनने सुरू होत असेल तर ती नोंद बाजूला काढा. भाषांतरामुळे येणाऱ्या गूगलच्या ट्रान्सलेट आणि जीस्टॅटिकच्या नोंदीही. उरलेल्या डोमेनांसाठी किती वेगवेगळ्या ब्राउझरांतून ते आलं, ते मोजा. दोन-चार डेस्कटॉप ब्राउझरांतून पुन्हा पुन्हा येत असेल तर एक्स्टेन्शन. अँड्रॉइड क्रोमसकट सगळीकडून येत असेल तर तुमच्याच पानात काहीतरी आहे, त्याच दिवशी पाहा. अहवाल शांत व्हावेत म्हणून अनोळखी डोमेन परवानगीच्या यादीत मात्र कधीही टाकू नका. त्या एका ओळीने तुम्ही ते सगळ्या वाचकांसाठी उघडं करता.

---

तारायंत्र:

दोन्ही संपादकांच्या संगणकांचं राहिलं. प्रशासनाच्या पानातला प्रत्येक डिव्ह ज्याला बदलता येतो, त्या एक्स्टेन्शनला तिथला नॉन्सही वाचता येतो, म्हणजे संपादकाच्या नावाने विनंती पाठवता येते. शिक्के मारणारं एक्स्टेन्शन निरुपद्रवी असलं तरी त्याच ब्राउझरमध्ये बाकी काय आहे, ते पाहा. संपादनासाठी वेगळं क्रोम प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. ऑफिसचे संगणक पॉलिसीने चालत असतील तर ‘एक्स्टेन्शन-सेटिंग्ज’मध्ये तारांकन म्हणजे सर्वांसाठी ‘रनटाइम_ब्लॉक्ड_होस्ट्स’ला तुमच्या साइटचं डोमेन द्या. मग एक्स्टेन्शनं बाकीच्या साइट्सवर चालतील, तुमच्या पानात शिरणार नाहीत. पासवर्ड बदलताना वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधलं ‘इतर सर्व ठिकाणांहून लॉग-आउट’ हेही दाबा, नुसत्या पासवर्डवर थांबू नका. आणि चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे मजकूर येतो, टॅग येत नाहीत.